जुना नॉयर डिटेक्टिव्ह आजच्या मालिकेत कसा आणावा: नागपूरच्या उन्हातून

मे महिन्यात दुपारी दोन वाजता धंतोलीतल्या एखाद्या गल्लीत उभे राहून पाहा. पारा पंचेचाळीसच्या घरात, खिडक्या बंद, कूलरची घरघर. रस्त्यावर जो कोणी दिसतो त्याचे तोंड दुपट्ट्याने बांधलेले आणि वर गॉगल. बाई की पुरुष, ओळखीचा की परका, काही कळत नाही. कोपऱ्यावरच्या सीसीटीव्हीलाही नाही.

नॉयर, म्हणजे काळोखी, कडवट गुन्हेकथा, म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रात्र, धुके, ओला रस्ता आणि हॅट येते. पण ते धुके सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात नायक मध्यरात्री फुटाळा तलावाच्या काठी एकटाच सिगारेट ओढत उभा होता. ते पान मी फाडले. नागपूरचा नॉयर भर दुपारी घडतो, यावर माझा ठाम विश्वास आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

पायरी १: पात्र निवडा, हक्क तपासा

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट चालतो. 'द माल्टीज फाल्कन' या कादंबरीतल्या सॅम स्पेड या डिटेक्टिव्हचा निर्माता डॅशिएल हॅमेट १९६१ साली गेला, म्हणजे आपल्याकडे ती मुदत २०२१ अखेर संपली. अमेरिकेत हिशेब वेगळा आहे: तिथे त्या काळातली पुस्तके प्रकाशनापासून ९५ वर्षांनी मोकळी होतात. मालिका परदेशातही दिसणाऱ्या ओटीटीवर जाणार असेल, तर तिथला हिशेब आधी करा. मूळ कादंबरी मोकळी झाली तरी तिची मराठी भाषांतरे आणि तिच्यावरचे चित्रपट यांचे हक्क वेगळे मोजतात. चित्रपटातला प्रसंग किंवा संवाद उचलू नका, मूळ पुस्तकातूनच काम करा.

मराठी नायक हवा असेल तर रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचा धनंजय किंवा झुंजार मनात येणारच. अर्नाळकर १९९६ साली गेले, म्हणून त्यांचा कॉपीराइट २०५६ अखेरपर्यंत चालतो. परवानगी लेखीच घ्या. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. या दोन ओळी वकिलाकडून नीट लिहून घ्या.

पायरी २: तो काय करणार नाही, ते शोधा

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे. हॅट, कोट, व्हिस्की हे सगळे काढून टाकल्यावर उरते काय? स्पेडचा भागीदार मारला जातो. तो भागीदार त्याला फारसा आवडत नव्हता, तरी खुनी व्यक्तीला तो सोडत नाही, तिच्यावर जीव जडलेला असूनही. हा नकार म्हणजे ते पात्र.

'द माल्टीज फाल्कन' (१९३०) वाचताना आणखी एक गोष्ट टिपा. स्पेडच्या मनात काय चालले आहे, हे हॅमेट एकदाही सांगत नाही. फक्त हालचाल दाखवतो: तो सिगारेट कशी वळतो, चेहरा कसा बदलतो. पडद्यासाठी लिहिणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही. हॅमेट स्वतः पिंकर्टन एजन्सीत गुप्तहेर होता, म्हणून पाठलाग आणि वाट पाहणे त्याला आतून ठाऊक होते. त्यामुळे पार्श्वभूमीला नायकाचा आवाज टाकून त्याचे विचार ऐकवायचा मोह आवरा.

एका कागदावर आपल्या नायकाचे तीनच नकार लिहा. उदाहरणार्थ: तो नवरा-बायकोवर पाळत ठेवण्याचे काम घेत नाही, पक्षकाराचे नाव पोलिसांना सांगत नाही, अर्धवट काम झाले तर पैसे परत करतो. मग प्रत्येक भागात यातल्या एकाला धक्का द्या.

पायरी ३: काळ ठरवा

दोन काळ मला खरे वाटतात. पहिला १९५६ चा. त्या १ नोव्हेंबरला नागपूरचे राजधानीपण गेले. ज्या शहरात सचिवालय, वकील, कारकून, कंत्राटदार यांचे सगळे जगणे एका सत्तेभोवती गुंफलेले होते, तिथून ती सत्ताच उठून गेली. कुणाची फाइल कुठे गेली, कुणी मुद्दाम गहाळ केली, यातून सहा भाग सहज निघतील. पण जुन्या गाड्या, पाट्या, कपडे यांचा खर्च मोठा.

दुसरा आजचा. मग डिसेंबर विसरू नका. हिवाळी अधिवेशनाला सत्ता मुंबईहून येते, लॉज भरतात, मोर्चे येतात, आणि काही दिवसांत सगळे परत जातात. पहिला भाग मे महिन्यात, शेवटचा डिसेंबरमध्ये, अशी मांडणी मला फार आवडते.

पायरी ४: गुन्हा जमिनीतून काढा

दागिन्यांची चोरी नको. नागपूरकर 'ले-आऊट' हा शब्द ऐकला की कान टवकारतो. शहराच्या कडेला शेत घ्यायचे, चुन्याने प्लॉट आखायचे, आणि एकच प्लॉट दोघांना विकायचा. निवृत्तीचे पैसे घालून बसलेला माणूस नायकाकडे येतो, आणि तिथून वर सरकत गोष्ट मोठ्या माणसांपर्यंत पोहोचते.

पायरी ५: आजची हत्यारे आणि आजच्या अडचणी

भारतात खासगी गुप्तहेराला पोलिसांचे कोणतेही अधिकार नाहीत. कुणाचे कॉल रेकॉर्ड मिळवणे त्याच्यासाठी गुन्हा आहे. मालिकांत हे दोन मिनिटांत होते, ते टाळा. त्याला मिळते ते सातबारा, इंडेक्स-२ (मालमत्तेच्या नोंदणीकृत व्यवहाराचा उतारा), न्यायालयातल्या खटल्यांची स्थिती, माहिती अधिकारातले उत्तर. हे सगळे शोधायला चिकाटी लागते, आणि चिकाटी कॅमेऱ्यात छान दिसते. मोबाइलमधला व्हिडिओ मिळाला तरी तो न्यायालयात नेताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. ते प्रमाणपत्र द्यायला घाबरणारा फोटो स्टुडिओवाला, हे एक सुंदर छोटे पात्र होऊ शकते.

पायरी ६: ऊन वापरा

जुन्या चित्रपटांत खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्यांतून सावल्या पडतात. आपल्याकडे खिडकीत कूलर बसवलेला असतो, उजेड वरच्या झरोक्यातून एका तिरपीत येतो आणि बाकी खोली काळी. बाहेर डोळे दिपवणारा पांढरा उजेड, आत काही क्षण आंधळेपण: दार उघडले की प्रत्येक पात्राला हा धक्का बसू द्या. कूलरच्या आवाजामुळे कुजबुजायचे तर माणसाला जवळ यावे लागते, आणि खोटे बोलणारा जवळ आला की प्रेक्षक आपोआप सावध होतो. मात्र संवाद घेताना कूलर बंद ठेवा, त्याचा आवाज वेगळा टिपून नंतर मिसळा. बाहेरचे चित्रीकरण सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर उरका. भर दुपारची दृश्ये थोडी आणि नेमकी ठेवा, युनिटला उष्माघात होऊ देऊ नका.

पायरी ७: बोली

पुण्याच्या भाषेत बोलणारा नागपुरी डिटेक्टिव्ह पहिल्याच वाक्यात मरतो. पण बोलीला विनोदासाठीही वापरू नका, हे माझे कळकळीचे सांगणे आहे. वऱ्हाडी-नागपुरी बोलणारा माणूस टीव्हीवर बहुतेक वेळा हसवायलाच येतो. इथे दुःख त्याच बोलीत येऊ द्या.

"काहून आलात जी?"
"दादा, दोन दिवस झाले, भाऊ घरी येऊन नाही राह्यला."
"फोन?"
"लागतो. उचलून नाही राह्यला कोणी."

इतवारीतला व्यापारी हिंदीत सुरुवात करून मराठीत संपवेल, वकील इंग्रजी शब्द पेरेल. नायकाने समोरच्याप्रमाणे भाषा बदलावी. तीच त्याची वेशांतराची कला.

पायरी ८: पहिला भाग मोठ्याने वाचा

चारपाच जणांना बोलवा, त्यांत एक तरी असा असावा ज्याने हा प्रकार कधी पाहिलेला नाही. पंखा बंद करून वाचा. वाचताना एक तक्ता समोर ठेवा: कोण, कधी, कोणाशी खोटे बोलले. वाचून झाल्यावर फक्त दोन प्रश्न विचारा: पुढे काय होईल असे वाटते? आणि हा माणूस कोणते काम कधीच घेणार नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुणालाच देता आले नाही, तर पायरी २ चा कागद पुन्हा काढा आणि पहिला प्रसंग तिथून लिहायला घ्या.