झेब्रा माशाच्या अंड्यांवर प्रदूषकाची चाचणी: खरी मात्रा किती, ते आधी बघा

ही पद्धत ओईसीडीच्या (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) २०१३ सालच्या २३६ क्रमांकाच्या नियमावलीतली आहे. सेंद्रिय रसायनांच्या बाबतीत ती फसते ती बहुतेक वेळा मासळीमुळे नाही, द्रावणामुळे.

आदल्या संध्याकाळी पैदाशीच्या टाकीत एका मादीमागे दोन नर सोडा. तळाला जाळी हवीच, नाहीतर आईबापच अंडी फस्त करतात. चाचणीच्या निदान २४ तास आधी २४ खळग्यांच्या प्लेटमध्ये ज्या-त्या तीव्रतेचं द्रावण भरून ठेवा. अशी रसायनं प्लास्टिकला चिकटतात, ती आधीच चिकटून घेऊ देत. सकाळी ते ओतून दर खळग्यात २ मिलिलिटर ताजं भरायचं.

तीव्रता पाच, दर वेळी दुप्पट: लिटरला १, २, ४, ८, १६ मिलिग्रॅम. पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थाला डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, एक द्रावक) लागलंच, तर लिटरमागे १०० मायक्रोलिटरच्या वर नको. म्हणजे १६ मिलिग्रॅमसाठी मूळ द्रावण मिलिलिटरला १६० मिलिग्रॅमचं हवं. नवखे इथेच चुकतात. एकाच बाटलीतलं कमी-जास्त घातलं, की डीएमएसओही कमी-जास्त जातं आणि भ्रूण कशाने मेले ते कळत नाही. पाच तीव्रतांना पाच मूळ द्रावणं करा आणि नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल (रसायन न घातलेला, तुलनेसाठीचा संच) वेगळा लावा.

सकाळी दिवा लागला की अर्ध्या-पाऊण तासात अंडी मिळतात. फलित ७० टक्क्यांहून कमी असतील तर ती खेप वापरू नका. फलनापासून दीड तासाच्या आत अंडी द्रावणात आणि ३ तासांच्या आत खळग्यांत गेलीच पाहिजेत. खळग्याला एक, तीव्रतेला २०. उरलेल्या ४ खळग्यांत साधं पाणी. त्या चारांतली दोन मेली तर प्लेट बाद. तापमान २६ अंश, फरक फार तर एका अंशाचा. थंडी वाढली की वाढ रेंगाळते आणि शेपूट सुटलेली दिसत नाही. तो दोष रसायनाच्या माथी मारला जातो.

दर २४ तासांनी चारच गोष्टी बघायच्या: अंडं गोठलंय का (नुसत्या डोळ्यांना दुधी, सूक्ष्मदर्शकाखाली काळपट), पाठीच्या बाजूचे खंड पडलेत का, शेपूट बलकापासून सुटलीय का, आणि ४८ तासांपासून पुढे हृदयाचे ठोके. ठोके नाहीत असं लिहिण्याआधी पुरता एक मिनिट बघा. ९६ तासांनी कंट्रोलमधले ९० टक्के जिवंत हवेत. भ्रूण विषाला दाद देतात ना हे तपासायला ३,४-डायक्लोरोअॅनिलिन हे माहीतगार विष वापरतात; त्याच्या लिटरला ४ मिलिग्रॅम द्रावणात निदान ३० टक्के मरायला हवेत. नसतील तर बाकीचे आकडे वापरू नका.

द्रावण रोज बदलत असाल तर बदलताना ताज्या आणि जुन्या दोन्हींतली मात्रा मोजा. बाटलीवरच्या आकड्यापासूनचा फरक २० टक्क्यांच्या आत असेल तर बाटलीवरचा आकडा चालेल, नाहीतर मोजलेल्यांची भूमितीय सरासरी धरा. टोल्युइनसारखे उडून जाणारे पदार्थ उघड्या प्लेटमध्ये लावूच नका. त्यांना घट्ट बुचाच्या काचेच्या कुप्या.

अँथ्रासीनसारखी संयुगं ट्यूबलाइटखाली गरीब वाटतात, पण अतिनील किरणांत अर्धपारदर्शक पिल्लांना आणि बेडकांच्या भैकेरांना (टॅडपोल) मारतात. उथळ डबक्यातल्या भैकेरांसाठी आकडा हवा असेल, तर एक जादा संच अतिनील दिव्याखाली लावा, त्याचा रसायनाविना कंट्रोलही, आणि किरणांची तीव्रता नोंदवा.