'हा तर नुसता प्रोग्राम आहे': माझं पहिलं पेटंट अपील

कम्प्युटर इंजिनिअरिंग करून पेटंटच्या कामाला लागलो, तेव्हा "म्हणजे नक्की करतोस काय?" हे घरी वर्षभर ऐकलं. पेटंट एजंटची परीक्षा दोन पेपर आणि तोंडी अशी असते. एकूण ६० टक्के लागतात. त्या अभ्यासात पेटंट कायद्याचं कलम ३(के), म्हणजे नुसत्या प्रोग्रामला पेटंट नाकारणारं कलम, पाठ झालं होतं. कळलं मात्र एका फेटाळलेल्या अर्जामुळे.

अर्ज प्रोफायलरचा होता. प्रोग्राममधलं कुठलं फंक्शन किती वेळ खातं, ते मोजणारं सॉफ्टवेअर. यातली गोम अशी, की मोजायला बसलं की प्रोग्रामच मंदावतो. डॉक्टरांसमोर बीपी वाढतं ना, तसं. पेटंट ऑफिसचं म्हणणं एका ओळीचं: हा 'कम्प्युटर प्रोग्राम पर से', म्हणजे नुसता प्रोग्राम, पेटंट नाही.

अपील कलम ११७ए खाली, आदेशापासून तीन महिन्यांत. २०२१ मध्ये अपील मंडळ बरखास्त झालं, तेव्हापासून थेट हायकोर्टात. मी तावातावाने मसुदा लिहिला. दिल्ली हायकोर्टाच्या २०१९ च्या फरीद अलानी निकालातला 'टेक्निकल इफेक्ट', म्हणजे प्रोग्राममुळे होणारा तांत्रिक परिणाम, हा मुद्दा तीन ठिकाणी घातला. माझ्या सीनियर मॅडमनी कागद परत सरकवले. "निकाल कोर्टाला माहीत आहे रे. आकडा कळल्यावर तुझं मशीन काय करतं, ते कुठंय?"

कुठेच नव्हतं. आमच्या क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या भागात, मोजा, पृथक्करण करा, स्क्रीनवर अहवाल दाखवा, एवढंच. शोधता शोधता तपशीलपत्राच्या, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनाच्या, १४ व्या पानावर एक वाक्य सापडलं: मोजणीचा भार ठरावीक मर्यादेपुढे गेला की नमुने घेण्याचा वेग आपोआप कमी होतो. क्लेम त्यावर आवळून घेतला. कलम ५९ मुळे बाहेरचं काही घुसडता येत नाही. मूळ अर्जात आहे त्यातूनच काय ते काढायचं.

खरी चुटपुट पुढे लागली. वेग किती सुधारला याचा अख्खा तक्ता संशोधकाच्या एक्सेलमध्ये पडून होता. अर्ज लिहिताना कुणी विचारलंच नव्हतं. नवीन असाल तर संशोधकासोबतच्या पहिल्या बैठकीतच मॅडमचा तो प्रश्न विचारा आणि त्याचे आकडे मागून घ्या, तेही अर्ज दाखल करण्याआधी.

आमचं प्रकरण फेरविचारासाठी पुन्हा पेटंट ऑफिसकडे गेलं. या वेळी लेखी निवेदनाची सुरुवात १४ व्या पानावरच्या त्या वाक्याने केली. निकालांची यादी शेवटी.