नवी गाडी घेताना: पासिंगच्या आधी काय तपासावं

पाडव्याला आम्ही शोरूममधून नवी गाडी घरी आणली. आईने औक्षण केलं, चाकांखाली लिंबं ठेवली, गल्लीत पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हात गाडी पुसताना दिसलं, की मागच्या उजव्या दाराचा रंग शेजारच्या पत्र्यापेक्षा किंचित गडद आहे. दार उघडलं तर बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग तडकलेला. दार कधीतरी उतरवून, रंगवून परत बसवलेलं होतं. विक्री प्रमाणपत्र काढून पाहिलं, तर गाडी आदल्या वर्षीच्या सप्टेंबरातली.

शोरूमवाले म्हणाले, "वाहतुकीत लागलं असेल, पॉलिश करून देतो." गाडी बदलून मागितली तेव्हा उत्तर मिळालं, "पासिंग तुमच्या नावावर झालंय, आता काही करता येणार नाही." त्या गाडीत वडिलांच्या फंडाचे पैसे होते. ते दार आजही डोळ्यांत खुपतं.

आमची चूक क्रमाची होती. आधी पैसे, मग विमा, मग पासिंग आणि शेवटी गाडी, असा शोरूमचा क्रम आम्ही मुकाट्याने मान्य केला. तुम्ही तो उलटा करा.

१. बुकिंगच्या पावतीवरच अट लिहून घ्या

"चेसिस नंबर आधी कळवावा, गाडी प्रत्यक्ष दाखवावी, पसंतीनंतरच उरलेली रक्कम आणि पासिंग" एवढं लिहून त्याखाली सही-शिक्का घ्या. रंग, मॉडेल आणि गाडी कोणत्या वर्षाची हवी तेही लिहा. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे याच वेळी विचारा. सेल्समनच्या तोंडी शब्दावर राहू नका. आमचा सेल्समन डिलिव्हरीच्या आधीच नोकरी सोडून गेला होता.

२. कोटेशन ओळीओळीने वाचा

ऑन-रोड किमतीचा एकच आकडा घेऊ नका, फोड मागा. नोंदणीची सरकारी फी मोटारीला ६०० रुपये आहे, कर्जाचा बोजा चढवायचे १,५०० रुपये. रोड टॅक्स महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के. यापलीकडे 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक्स' अशा नावाने रक्कम दिसली, तर ती कशाची आहे हे लेखी विचारा. बऱ्याचदा नुसतं विचारल्यावरच ती ओळ निघून जाते. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या मोटारीला बंधनकारक आहे, पण कंपनी तुम्ही निवडा. त्याच विमा रकमेची, त्याच अ‍ॅड-ऑनची (जादा संरक्षणाची) कोटेशनं बाहेरून मागवा आणि शेजारी ठेवून बघा. सीट कव्हर, मॅट यांचं पॅकेज नको असेल तर स्पष्ट नको म्हणा.

३. स्टॉकयार्डात जाऊन गाडी पाहा

यालाच पीडीआय (प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन), म्हणजे ताबा घेण्याआधीची तपासणी म्हणतात. अर्धा दिवस राखून ठेवा. भर उजेडात जा; संध्याकाळी किंवा तळघरातल्या दिव्याखाली रंगातला फरक दिसत नाही. गाडी धुळीने माखलेली असेल तर धुऊन घ्यायला सांगा.

आधी चेसिस नंबर. कळवलेला आणि गाडीवर कोरलेला नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर येतं, त्यामुळे ते आत्ताच कागदावर मागा. पुढे विकताना किंमत त्याच वर्षावरून ठरते. मागच्या वर्षाची गाडी घ्यायला हरकत नाही, पण मग सवलतही तशी मिळाली पाहिजे.

मग पत्रा. गाडीपासून चार पावलं लांब उभं राहून तिरक्या नजरेने दारांवरून, बॉनेटवरून बघा. पॅनेलमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? रबरी पट्ट्यांवर रंगाचे शिंतोडे आहेत का? दार, बॉनेट आणि डिकीच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा दिसतात का? आम्ही एवढं एक पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

टायरवर चार आकडी मोहोर असते. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. पाचही टायर बघा. किलोमीटरचा आकडा शंभराच्या घरात असेल, तर गाडी टेस्ट ड्राइव्हला फिरली का, हे विचारा. एसी, काचा, वायपर, सगळे दिवे, दोन्ही किल्ल्या, जॅक हे भराभर तपासून घ्या. सगळ्याचे फोटो काढा.

४. मगच पैसे आणि पासिंग

कर्ज असेल तर बँकेला आधीच सांगून ठेवा, की माझ्या होकाराशिवाय रक्कम डीलरला सोडू नका. नोंदणी त्याच राज्यात असेल तर नंबर प्लेट लावल्याशिवाय गाडी ताब्यात देता येत नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ४१ सांगतं. मुहूर्तासाठी "आज गाडी न्या, प्लेट नंतर लावू" हे मान्य करू नका. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी पुन्हा एकदा फिरून बघा आणि मगच ताबापत्रावर सही करा.

५. तरीही फसगत झाली तर

त्याच दिवशी फोटोंसह डीलर आणि कंपनी, दोघांना ईमेल करा. फोनवरच्या बोलण्याला पुरावा राहत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथे चालते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आम्ही "बघू, करू" म्हणत पहिले सहा महिने घालवले आणि तेवढ्यात त्या दाराबद्दल आमच्याशी बोललेली शोरूममधली सगळी माणसं बदलून गेली.