जुन्या गाडीत मोबाईलची गाणी वाजवताय? या चुका टाळा

मुंबईत अजून कितीतरी लोक जुनी सँट्रो, झेन, मारुती 800 जपून चालवतायत. गाडी ठणठणीत असते पण टेप त्या काळातला, ना ब्लूटूथ ना यूएसबी. मग मोबाईल नाहीतर कपाटातला जुना आयपॉड कसाबसा जोडला जातो, आवाज भिकार येतो आणि अ‍ॅक्सेसरीजवाला लगेच सांगतो, स्टिरिओ बदलून टाका. थांबा जरा, पैसे घालवू नका. बहुतेक वेळा स्टिरिओ चांगलाच असतो, गडबड असते ती मधल्या जोडणीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डोळे झाकून एफएम ट्रान्समीटर घेणं, म्हणजे मोबाईलचं गाणं गाडीच्या रेडिओवर सोडणारं छोटं यंत्र. लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसला, फ्रिक्वेन्सी जुळवली, झालं, वायरची कटकट नाही म्हणून सगळे तोच उचलतात. पण मुंबईत एफएमवर जागाच कुठे उरलीय? 91.1 ला रेडिओ सिटी, 92.7 ला बिग, 93.5 ला रेड, 98.3 ला मिर्ची, 100.7 ला आकाशवाणीचं एफएम गोल्ड, 107.1 ला रेनबो, शिवाय मध्ये बाकीचे आहेतच. 92.7 आणि 93.5 मध्ये अंतर फक्त 0.8 मेगाहर्ट्झ, त्यामुळे मधोमध 93.1 लावलंत तरी दोन्ही बाजूंनी खरखर घुसते. त्यात या ट्रान्समीटरची ताकद अगदीच कमी असते आणि एफएम रेडिओ एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले की जो जोरदार त्यालाच धरतो, म्हणून तर खाली सिग्नलला छान वाजणारं गाणं फ्लायओव्हरवर चढलात की गायब होतं आणि मध्येच आरजे बोलायला लागतो. तरी तोच वापरायचा असेल तर आधी ट्रान्समीटर बंद ठेवून रेडिओ 87.5 ते 88.5 च्या आसपास फिरवा. जिथे नुसती एकसारखी सूंऽऽ ऐकू येते, बोलणं-गाणं काही नाही, ती जागा घ्या. आणि घाट चढून पुण्यात शिरलात की तिथली सगळी स्टेशनं याच जागांवर नसतात, परत शोधावं लागणार हे धरून चाला.

माझं स्पष्ट मत, टेपमध्ये कॅसेटची खाच असेल तर कॅसेट अडॅप्टर घ्या, म्हणजे वायरने मोबाईलला जोडायची खोटी कॅसेट, ट्रान्समीटरपेक्षा कधीही बरा. फक्त लोक तो मळक्या टेपमध्ये घालतात आणि आवाज दबका आला की अडॅप्टरला शिव्या देतात. खाचेत टॉर्च मारून बघा, आतल्या चकचकीत हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी थर दिसेल, जुन्या कॅसेटींच्या फितीचा तो. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हळूच पुसा, बड स्वच्छ निघेपर्यंत, मग पूर्ण वाळू द्या. सेंट, आफ्टरशेव्ह असलं काही वापरू नका. ऑटो-रिव्हर्सचा टेप सारखा साइड बदलत असेल किंवा अडॅप्टर बाहेर फेकत असेल तर बहुधा अडॅप्टरमधली चाकं अडकलेली असतात, चाक फिरत नाही म्हणजे कॅसेट संपली असं टेपला वाटतं.

ऑक्स, म्हणजे स्टिरिओला मोबाईलची वायर लावायचं भोक, असणाऱ्यांची तक्रार ठरलेली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईईई असा आवाज चढत जातो. स्पीकर गेला नाहीये हो! मोबाईल गाडीच्या चार्जरवर आणि त्याच वेळी ऑक्सला, म्हणजे अर्थिंगला दोन वाटा मिळतात आणि त्यातून अल्टरनेटरचा, म्हणजे गाडीची बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा, आवाज आत शिरतो. चार्जर काढून बघा, आवाज थांबला तर कारण सापडलं. मग पॉवरबँकवर चार्ज करा, नाहीतर लॅमिंग्टन रोडला ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो तो ऑक्सच्या वायरमध्ये घाला. अगदी स्वस्तातला घेऊ नका, बेस खातो.

अजून एक, मोबाईलचा आवाज अर्धा आणि स्टिरिओ फुल्ल, हे उलटं आहे. मोबाईल साधारण 80-90 टक्क्यांवर ठेवा, कमीजास्त स्टिरिओवर करा, नाहीतर गाण्याबरोबर टेपची सूं पण मोठी होते. मोबाईलचा इक्वलायझर बंदच ठेवा.

आपल्या खाऱ्या दमट हवेत ऑक्सची पिन काळी पडते, एकाच बाजूचा स्पीकर वाजत असेल तर आधी पिन पुसा मग मेकॅनिककडे जा. मध्ये कधी यूएसबीवाला स्टिरिओ बसवला असेल आणि पेनड्राइव्ह वाचत नसेल तर तो एफएटी32 मध्ये फॉरमॅट करून साधी एमपी3 टाका, फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं तेव्हा गाणी आधी कॉपी करून घ्या.

आणि गाडी लावताना सॉकेटकडे बघा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही ते चालू राहतं. ट्रान्समीटरचा दिवा पेटलेला दिसला तर उपसून ठेवा, गाडी आठवडाभर सोसायटीत उभी राहिली आणि बॅटरी जुनी असली तर ती उतरायला एवढं पुरतं.