आरडी व्हायचंय? वॉर्डातल्या या चुका टाळा

एम.एस्सी.ला उत्तम मार्क मिळवणारी मुलं रजिस्टर्ड डाएटिशियन (आरडी) होताना अडखळतात ती बहुधा वॉर्डात. पहिली चूक मात्र त्याच्याही आधी, प्रवेश घेतानाच होते.

आरडीची परीक्षा इंडियन डाएटेटिक असोसिएशनचं आरडी बोर्ड घेतं. झटपट ऑनलाइन न्यूट्रिशन कोर्सच्या बळावर त्या परीक्षेला बसता येत नाही. वजन घटवणाऱ्या क्लिनिकमध्ये काही महिने काढले आणि तीच परीक्षेला लागणारी इंटर्नशिप मानली, हेही सर्रास चालतं. आपला अभ्यासक्रम आणि आपलं हॉस्पिटल सध्याच्या नियमांत बसतं का, हे बोर्डाला ईमेल करून लेखी विचारा. 'मागच्या बॅचच्या ताईने इथेच केली होती' यावर विसंबू नका.

आता वॉर्ड. किडनीच्या पेशंटचा डाएट चार्ट म्हटलं की हात आपोआप प्रथिनं कमी करायला जातो. इथेच घात होतो. समजा, केस पेपरवर वजन 68 किलो आहे. पायाला सूज इतकी की अंगठा दाबला तर खळगा पडतो. म्हणजे त्यात पाण्याचं वजन आहे. कोरडं वजन, म्हणजे सुजेचं पाणी वगळून वजन, किती धरायचं ते नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा. समजा 62 निघालं. डायलिसिस नसेल तर साधारण किलोमागे 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रथिनं, हिमोडायलिसिसवर (यंत्राने रक्त गाळून घेण्यावर) असेल तर 1 ते 1.2. म्हणजे त्याच माणसाला एकीकडे कमीत कमी 37 ग्रॅम, तर दुसरीकडे जास्तीत जास्त 74. डायलिसिस गेल्या आठवड्यात सुरू झालं आणि चार्ट जुनाच राहिला, तर पेशंटला गरजेच्या अगदी निम्मीच प्रथिनं मिळू शकतात. म्हणून रोज राउंडच्या आधी कालच्या नोंदी वाचा. आणि 'मीठ कमी करा' म्हणालात की घरचे हौसेने लो सोडियम मीठ आणतात. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनीच्या पेशंटला ते महागात पडू शकतं. नाव घेऊन नको म्हणा.

हिशेब जुळत नसेल तर आधी कच्चं-शिजलेलं तपासा. हैदराबादच्या एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) 2017च्या अन्नघटक तक्त्यांत 100 ग्रॅम तांदळाला साधारण 356 किलोकॅलरी आहेत, पण त्या कच्च्या तांदळाच्या. शिजल्यावर तांदूळ पाणी पिऊन अडीच-तीन पट होतो. वाटीभर भाताला तोच आकडा लावला की चार्ट कागदावरच फुगतो. घरची वाटी किती मोठी, हेही विचाराच. प्रत्येक घराची वेगळी.

चोवीस तासांचा रिकॉल, म्हणजे कालपासून काय काय खाल्लं याची विचारपूस, घेताना 'नाश्त्याला काय?' एवढंच विचारलं तर 'पोहे' एवढंच उत्तर येतं. दोन चहा, त्यातली साखर, सोबतची खारी आणि संध्याकाळचा फरसाण, हे सगळं उत्तरात येतच नाही. चहापासून उलटतपासणी करा. उपवासाचं तर हमखास राहून जातं. मधुमेही आजी गुरुवारी आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खाणारच. तिच्या चार्टमध्ये त्या दिवसाचं वेगळं पान हवं: भगर बेताने, सोबत दही, शेंगदाणे, काकडी. गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर डोसचं आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. तुम्ही पान दिलं नाही तर ती स्वतःच ठरवेल.

अमेरिकेला जायचा बेत असेल तर भारतातली आरडी तिथे आपोआप चालत नाही. 1 जानेवारी 2024 पासून तिथल्या परीक्षेला बसायला किमान मास्टर्स लागतं, आणि मान्यताप्राप्त कार्यक्रमातून प्रत्यक्ष देखरेखीखालचं प्रशिक्षणही. इथली पदवी तपासून घ्यायला वेळ लागतो, ते काम आधीच सुरू करा.

शेवटचं दुखणं लॉगबुकचं, म्हणजे इंटर्नशिपमधल्या केसेसच्या नोंदवहीचं. महिन्याअखेर सगळ्या नोंदी एका बैठकीत लिहिल्या की सगळ्या केसेस एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. नोंद त्याच दिवशी, सही त्याच आठवड्यात. गाईड नोकरी बदलणार अशी कुणकुण लागली तर राहिलेल्या सह्या आधी उरकून घ्या.