ताजी अशनी ओळखायची तर आधी साल पाहा, चुंबक नंतर

काळा, जड आणि चुंबकाला चिकटणारा दगड म्हणजे अशनी (अंतराळातून पृथ्वीवर पडलेला दगड), हा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. भट्टीत धातू गाळताना उरणारी धातुमळी बऱ्याचदा तशीच असते, मॅग्नेटाइट हे लोहखनिज तर नेहमीच.

उचलण्याआधी जागेचा फोटो घ्या. दगड स्वच्छ फॉइलमध्ये धरा, धुऊ नका.

आता साल. हवेतून येताना वितळून थिजलेला हा काळा थर बहुधा 1 मिलिमीटरहूनही पातळ असतो. फसगत इथेच होते: लोक रंग पाहतात, कड पाहत नाहीत. कोपरा उडालेली जागा शोधा आणि 10 पट भिंग लावा. वर बारीक काळी रेघ आणि लगेच खाली सिमेंटसारखा फिकट राखाडी गाभा दिसला, तर आशा आहे. वितळणं काही सेकंदांचंच असतं, उष्णतेला आत शिरायला वेळच मिळत नाही, म्हणून ही सीमा इतकी ठळक दिसते. रंग हळूहळू आत मुरत गेलेला असेल, तर तो बहुधा हवा-पाण्यानं चढलेला गंज. काही कार्बनी अशनी आतूनही काळ्या असतात, पण त्या विरळा. सालीवर सुकल्या चिखलासारख्या बारीक भेगा असतील तर उत्तम. सालीत सूक्ष्म बुडबुडे चालतात. गाभ्यात भोकं असतील तर ती धातुमळी समजा.

गाभ्यात धातूचे चकाकते कण आणि साधारण 1 मिलिमीटरचे गोळे शोधा. गारगोटीचे (क्वार्ट्झचे) स्फटिक दिसले की विषय संपला.

उडालेला तुकडा सिरॅमिक फरशीच्या खरखरीत मागच्या बाजूवर घासा. विटकरी रेघ उमटली तर हेमॅटाइट (हेही लोहखनिजच), गडद करडी उमटली तर मॅग्नेटाइट. ताज्या अशनीच्या गाभ्याची रेघ उमटत नाही किंवा जेमतेम उमटते.

घनतेसाठी पाण्यात बुडवायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. आतलं लोखंड लगेच गंजू लागतं. दगड फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून बारीक कोरड्या वाळूत पुरा आणि जागा किती व्यापली ते मोजा. सर्वसाधारण दगडी अशनी घनसेंटिमीटरला 3.3 ते 3.6 ग्रॅम भरते, लोखंडी जवळपास 7.8, ग्रॅनाइट साधारण 2.7.

‘पडला तेव्हा तापलेला होता, गवत जळालं’ हा पुरावा नव्हे. शेवटचे कित्येक किलोमीटर दगड प्रकाशाविना, थंड होत पडतो.

चुंबक सर्वांत शेवटी, आणि तोही उडालेल्या तुकड्यालाच. जोरदार चुंबकानं दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. शिवाय चंद्रावरून आलेल्या अशनी चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत.