काळ्या मातीत भाजीबाग करताना या चुका टाळा

इंदूरच्या नव्या वसाहतींत घरामागे थोडी मोकळी जागा मिळाली की मेथी, वांगी, मिरची लावण्याची इच्छा होते, आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी साचून रोपे सडली की दोष मातीला दिला जातो. वास्तविक माळव्याच्या काळ्या मातीला नावे ठेवण्यासारखे काही नाही. ओल धरून ठेवण्याच्या ज्या गुणावर येथे पूर्वी बिनपाण्याचा गहू पिकत असे, तोच गुण आपण घाई केली की अडचणीचा ठरतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे वाफसा येण्याआधी, म्हणजे माती काम करण्याजोगी सुकण्याआधी, वाफ्यात उतरणे. ही माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. ओली असताना तिच्यावर पाय पडला किंवा कुदळ चालली, की कणांमधील हवेच्या जागा दबून जातात आणि वाळल्यावर फुटता फुटत नाहीत अशी ढेकळे बनतात. एका आषाढात मी ओल्या वाफ्यात उतरून भेंडीचे बी टोकले होते. पुढच्या वैशाखात खणताना माझ्याच टाचांखालची माती कुदळीला विटेसारखी लागली, आणि त्या जागची भेंडी गुडघ्याच्या वर का गेली नाही ते तेव्हा कळले. परीक्षा सोपी आहे. चार बोटे खोलीवरची माती मुठीत दाबावी. हाताला चिकटली किंवा तिची लांब वळी वळता आली तर थांबावे, आणि गोळा जमिनीवर टाकताच भुसभुशीत फुटला तर कामाला लागावे. पावसाची उघडीप मिळाल्यावर याला कधी चार दिवस लागतात, कधी आठ. तेवढा धीर धरलाच पाहिजे.

दुसरी चूक वाळू मिसळण्याची. दोन-चार घमेली वाळूने चिकणमाती मोकळी होत नाही. वाळूच्या कणांमधील जागा चिकणमातीने भरून ती उलट अधिक घट्ट होऊ शकते. चुनाही घालू नये, कारण ही माती बहुधा मुळातच चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, असते. तिला हवे असते ते चांगले कुजलेले खत, आणि त्याची पद्धत जगाला याच शहराने दिली: ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथे पालापाचोळा, शेण, माती व राख यांचे थर रचून, ढीग ठरावीक दिवसांनी उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि १९३१ साली सहकारी यशवंत वाड यांच्यासह ती ग्रंथरूपाने मांडली. पहिल्या वर्षी अशा खताचा दोन-तीन इंचांचा थर वरच्या सहा-आठ इंच मातीत मिसळावा. कच्चे शेण मात्र टाळावे. त्याने मुळे खाणाऱ्या हुमणी अळीला आयते घर मिळते.

सपाट जमिनीवर लागवड करणे ही पावसाळ्यातली हमखास चूक आहे. आठ-दहा इंच उंच आणि तीन-चार फूट रुंद गादीवाफे केले, तर पाणी कडेच्या चरांतून निघून जाते आणि दोन्ही बाजूंनी हात पोहोचत असल्यामुळे वाफ्यावर पाय ठेवावा लागत नाही. घर बांधताना उरलेला मलबा वरवर माती टाकून झाकलेला असेल, तर तो आधी काढावा.

पाने पिवळी पडली की लगेच युरिया टाकला जातो. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी पडत असते, आणि साचलेल्या पाण्याने ते आणखी दुरावते. तेव्हा आधी निचरा पाहावा. उन्हाळ्यात भेगा दिसल्या म्हणून रोज वरवर शिंपडू नये, कारण त्याने वरची साल तेवढी भिजते. बोट घालून खालची ओल तपासावी, आठवड्यातून एक-दोनदा खोलवर पाणी द्यावे आणि वर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन ठेवावे, म्हणजे भेगा रुंदावून मुळे तुटत नाहीत. गाजर पहिल्या वर्षी लावू नये, घट्ट मातीत ते फाटे फुटून वाकडे होते. त्या वर्षी वांगी, गवार आणि थंडीत पालक घ्यावा.